‘स्मृतिचित्रे’ : आज्ञा कोणाची?

आज्ञा हा शब्द आपल्या घरांत फार जुना आहे. रामाने पित्याची आज्ञा पाळली, एकलव्याने गुरूची आज्ञा पाळली आणि प्रल्हादाने पित्याची आज्ञा मोडली. या तिन्ही गोष्टी आपण मुलांस एकाच संध्याकाळी सांगतो, आणि त्यांतील विरोध आपल्या ध्यानातही येत नाही. गोमंतकातील व कोकणातील देवळांत कौल घेण्याची रीत आहे. देवापुढे प्रश्न ठेवावयाचा आणि कळी उजवी पडते की डावी हे पाहावयाचे. देवाची आज्ञा घेऊनच कार्यास हात घालावा, हा त्यामागील भाव उदात्त आहे. परंतु उजवा कौल मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा कौल लावणारे यजमानही आपण सर्वांनी पाहिले आहेत. देवाची आज्ञा विचारणे निराळे आणि आपल्या इच्छेवर देवाची मोहोर उठवून घेणे निराळे. हा भेद मनुष्याच्या नित्याच्या जीवनात कोठे व कसा प्रकट होतो, याचा शोध घेऊ लागलो असता लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’इतका विश्वासू मार्गदर्शक मराठीत दुसरा मिळणे कठीण, असे आमचे मत आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाई निवर्तल्या. तेव्हापासून या ग्रंथाची स्तुती अखंड चालू आहे. त्यातील विनोद, भाषेचा घरगुती साज, पतीच्या विक्षिप्तपणाकडे पाहण्याची लेखिकेची मिस्कील दृष्टी, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते सर्व यथार्थ आहे. परंतु हा एका ख्रिस्ती स्त्रीच्या ईश्वरनिष्ठेचा ग्रंथ आहे, हे मात्र बहुतेक टीकाकार ओझरते सांगून पुढे जातात. हिंदू वाचकास तो भाग अवघड वाटतो आणि ख्रिस्ती वाचकास तो गृहीत धरावासा वाटतो. आम्ही मुद्दाम त्याच भागाकडे वळणार आहो.

आमच्या वाचकांच्या मनात येथे एक शंका उभी राहील, आणि ती अनाठायी नाही. ज्यांचे कुलदेव सोळाव्या शतकात रातोरात नदीपार न्यावे लागले, ज्यांची मंगेशी आणि शांतादुर्गा आज फोंडा महालात आहेत ती कोणत्या कारणाने, हे ज्यांस आजीच्या तोंडून कळले आहे, त्यांनी एका धर्मांतरिताच्या आज्ञाधारकपणाचे कौतुक का करावे? गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले आणि ते कायमचे उठले १८१२ साली. त्या अडीच शतकांत देवाची आज्ञा म्हणून जे सांगितले गेले त्यात राजाचा हुकूम किती आणि देव किती, हे इतिहासाने उघड केले आहे. त्याच भूमीत, त्याच राजवटीत, फादर स्टीफन्स यांनी आपले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापविले आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आणली. एकाच सत्तेच्या छायेत एक हात देऊळ पाडीत होता आणि दुसरा हात ओवी रचीत होता, हे विसरून चालणार नाही. आम्हां ग्वाल्हेरकरांचा अनुभव आणखी निराळा. शिंद्यांच्या चाकरीत फिलोज घराणे पिढ्यान्‌पिढ्या होते. १८७४ साली उभा राहिलेला जयविलास राजवाडा मायकेल फिलोज यांच्या आराखड्याचा. त्यामुळे लष्करातील जुन्या मराठी घरांत ख्रिस्ती म्हटला की फौजेतील साहेब किंवा शाळेतील पाद्री डोळ्यांसमोर येई. चुलीशी बसून मराठीत भांडणारी, मराठीत प्रार्थना करणारी ख्रिस्ती बाई इंदरगंजातील वाचकास प्रथम भेटते ती या ग्रंथातच.

परंतु आमचे म्हणणे असे की, ज्यांना सक्तीच्या धर्मांतराची आठवण आहे त्यांनीच हा ग्रंथ अधिक बारकाईने वाचला पाहिजे. सक्ती कशास म्हणतात हे ज्यास ठाऊक आहे त्यासच सक्तीचा अभाव ओळखता येतो.

कथेचा सांगाडा सर्वांस परिचित आहे. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी जन्मल्या आणि वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी होते, संस्कृतज्ञ होते आणि एका ठिकाणी स्थिर बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. पुढे डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती आणि तिची संमती हा विषयच निघाला नव्हता.

येथे टीकाकाराने क्षणभर थांबावे. टिळकांची कृती ही ईश्वराच्या आज्ञेचे पालन होते, असे ते स्वतः मानीत आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणासही शंका घेता येणार नाही. परंतु त्या एका आज्ञापालनाचे मूल्य दुसऱ्या व्यक्तीस भरावे लागले. पती जिवंत असून घर नाही, कुंकू असून संसार नाही, पदरात लहान दत्तू, आणि आश्रय सोयऱ्याधायऱ्यांचा. जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी लक्ष्मीबाईंनी ती वर्षे काढली. ग्रंथातील हा भाग वाचताना हसू थांबते. मोठ्या माणसाच्या मोठ्या त्यागात घरच्यांचा किती न विचारलेला त्याग मिसळलेला असतो, हे आपल्या संतचरित्रांतही आहे. जिजाबाई तुकोबांवर चिडे म्हणून आपण तिला कजाग ठरविले. तिची बाजू मांडणारा ग्रंथ तिने लिहिला नाही, हाच तिचा अपराध. लक्ष्मीबाईंनी तो लिहिला, आणि तो सूडबुद्धीवाचून लिहिला.

आता कायद्याकडे पाहू, कारण व्यवसायामुळे आमची दृष्टी तिकडे प्रथम जाते. त्या काळी पत्नीने सहवास नाकारला तर पतीस न्यायालयात दाद मागता येत असे. रखमाबाईंच्या गाजलेल्या खटल्यात, टिळकांच्या बाप्तिस्म्यापूर्वी आठच वर्षे, म्हणजे १८८७ साली, पतीच्या घरी जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला होता. धर्मांतरितांसाठी तर १८६६ चा स्वतंत्र कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास सोडला तर धर्मांतरितास न्यायालयात जाता येई. जोडीदाराने तेथेही नकार दिला तर विचार करण्यासाठी एक वर्षाची मुदत मिळे, आणि त्यानंतरही नकार कायम राहिला तर विवाह विसर्जित होऊन उभयतांस पुनर्विवाहाची मोकळीक मिळे. नवा धर्म, नवी ओळख, नवे मित्र, आणि वर कायद्याचे साहाय्य, हे सर्व टिळकांच्या हाताशी होते. त्यांनी त्याचा उपयोग केला नाही. कायद्याने एक वर्ष दिले असते, टिळकांनी सुमारे पाच वर्षे दिली. पत्नी परत आली तेव्हाही तिची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे निराळे, ही तिची व्यवस्था त्यांनी मोडली नाही. तापट म्हणून ज्यांची ख्याती, त्या पुरुषाने या एका बाबतीत आपला हात आवरून धरला. टिळकांच्या सर्व काव्यापेक्षा त्यांचा हा संयम आम्हांस मोठा वाटतो.

१८७२ च्या करार कायद्याने संमती कशास म्हणावे हे ठरविताना तीतून दडपण, अनुचित वजन आणि फसवणूक वगळली आहे. घोडा विकण्याच्या व्यवहारात जी शुद्धता कायदा मागतो ती आत्म्याच्या व्यवहारात आपण मागू नये काय? गोव्याच्या धर्मन्यायालयाने ती मागितली नाही. आणि स्पष्टच लिहावयाचे तर, ग्रामण्याच्या व वाळीत टाकण्याच्या भीतीवर माणसे सांभाळणाऱ्या आपल्या जातिसभांनीही ती कधी मागितली नाही.

नव्या करारात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, ख्रिस्ताने सांगितलेला एक लहानसा दृष्टान्त आहे. एका मनुष्यास दोन पुत्र होते. त्याने एकास द्राक्षमळ्यात कामाला जाण्यास सांगितले. तो नाही म्हणाला, परंतु मागाहून पस्तावून गेला. दुसऱ्याने तत्काळ होकार दिला आणि तो गेलाच नाही. पित्याच्या इच्छेप्रमाणे कोण वागला, असा प्रश्न ख्रिस्ताने ऐकणाऱ्यांस टाकला. ‘स्मृतिचित्रां’चा सारा पूर्वार्ध हा पहिल्या पुत्राचा दृष्टान्त आहे. लक्ष्मीबाई प्रथम नाही म्हणाल्या, तो नकार त्यांनी मनापासून दिला, आणि तो खरा असल्यामुळेच पुढील होकारास किंमत आली. पती ख्रिस्ती झाला त्याच दिवशी त्या ‘आपली आज्ञा’ म्हणून मागोमाग गेल्या असत्या तर लोकांनी त्यांस पतिव्रता म्हटले असते. पण त्या आज्ञापालनात देवाचा वाटा कोणता, हे सांगता आले नसते.

आपल्या परंपरेत या प्रसंगास जोड शोधावयाची तर ती संत बहिणाबाईंची. सतराव्या शतकातील ही ब्राह्मण गृहिणी तुकोबांस गुरू मानते, आणि पती संतापतो, कारण गुरू शूद्र. पातिव्रत्य आणि गुरुभक्ती यांच्या ओढाताणीत तिने जे सोसले ते तिच्या आत्मनिवेदनपर अभंगांत उतरले आहे. बहिणाबाईंच्या घरात पत्नीचे मन पुढे धावले आणि पती मागे राहिला. टिळकांच्या घरात पती पुढे गेला आणि पत्नी उंबऱ्यावर उभी राहिली. पण प्रश्न दोघींपुढे एकच होता. देवाची आज्ञा पतीच्या मुखातून ऐकावयाची की स्वतःच्या कानाने? दोघींनीही ती स्वतःच्या कानाने ऐकली, आणि दोघींनीही संसार टाकला नाही.

लक्ष्मीबाईंनी ती आज्ञा कोठे ऐकली हे पाहणे या ग्रंथाच्या टीकेतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे. प्रार्थनामंदिरातील प्रवचन ऐकून किंवा पाद्र्याशी वाद करून त्यांचे मन पालटले नाही. ते पालटले ताटाच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर. ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी आपल्या वडिलांचे चित्र काढले आहे. सोवळ्याच्या वेडाने ते घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेत, आणि त्या धुण्यापायी सारे घर कष्टी होई. लेखिका ते हसत सांगते, परंतु हे चित्र ग्रंथाच्या तोंडाशी उगाच ठेवलेले नाही. त्या घरात देवाची आज्ञा म्हणून जे पाळले जात होते त्यात भीती होती आणि देव कोठे दिसत नव्हता. पुढे पतीकडे परत आल्यावर हीच मुलगी तेच सोवळे काही काळ निकराने सांभाळते. मग विचार करता करता तिच्या मनात येते की, माणसांमाणसांतील हे भेद देवाने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत. आणि हे एकदा पटल्यावर ती त्या विचाराशी हिशेब पुरा करते. कोणाच्याही हातचे खाण्याचा ती निश्चय करते. बाप्तिस्मा अजून व्हावयाचा आहे, आणि पतीने तशी मागणीही केलेली नाही.

तत्त्व पटणे आपणा सर्वांस जमते. अस्पृश्यता वाईट, हे संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदापूर्वीही कित्येकांस सभेत पटत होते आणि घरच्या माजघरात पटत नव्हते. लक्ष्मीबाईंचे वैशिष्ट्य हे की, जे मनास पटले ते त्यांनी पुढच्या पेल्यापाशी लागू केले. नित्याच्या जीवनातील आज्ञापालन ते हेच. त्यास मुहूर्त नसतो, साक्षीदार नसतात, आणि उजवा कौल पडण्याची वाट पाहावयाची नसते. कळून आलेले सत्य आणि हातातील काम यांच्यामध्ये अंतर पडू द्यावयाचे नाही, एवढेच.

यानंतरचा संसार याच रीतीने चालला. दुष्काळातील अनाथ मुले घरात आली आणि त्यांच्या अंगाखालच्या कामास हात लावताना जात विचारण्याचा प्रश्न उरला नाही. प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करावी लागली. टिळक मिळेल ते देऊन टाकीत आणि उद्याच्या पिठाची चिंता लक्ष्मीबाई करीत. पतीचे औदार्य देवास प्रिय असेल, परंतु वाण्याचे देणे कोणी फेडावयाचे, असा त्यांचा रोखठोक पवित्रा असे. काही भाविक वाचकांस ही भांडणे गौण वाटतात. आम्हांस ती आज्ञापालनाचाच भाग वाटतात. घरातील लेकरांना वेळेवर जेवू घालणे हीही एक आज्ञा आहे, आणि ती पाळणाऱ्यास कोणी साधू म्हणत नाही.

या घराच्या मोकळेपणाचा आणखी एक पुरावा येथे नोंदविला पाहिजे. बालकवी ठोमरे हे अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले, पुत्रवत वाढले, आणि हिंदूच राहिले. ज्या घरात आज्ञा म्हणजे आपल्या मताची सक्ती असते तेथे असे पाहुणे फार दिवस टिकत नाहीत.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घ्यावे, ही त्यांची कल्पना होती. आम्हां ग्वाल्हेरकरांस ‘दरबार’ हा शब्द नवा नाही. संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत दरबार म्हणजे सरकार, आणि दरबारचा हुकूम म्हटला की पुढे बोलणे खुंटले. टिळकांनी तोच शब्द घेतला आणि त्यातील धाक काढून टाकला. या दरबारात येणाऱ्यास नावनिशीची किंवा जातीची अट नव्हती. त्यास केवळ सेवा करावयाची होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस वारले आणि तो दरबार अपुरा राहिला. तो संकल्प भव्य होता हे खरे. पण आम्ही लक्ष्मीबाईंचे पुस्तक मिटतो तेव्हा आमच्या मनात असा विचार येतो की, असा दरबार त्या बाईच्या स्वयंपाकघरात पूर्वीच भरत होता. कोण कोणाच्या हातचे खातो, हा प्रश्न तेथे मिटला होता, आणि दारी आलेल्यास पान मिळत होते.

आता उणिवांकडे. या ग्रंथाची पहिली उणीव ही की, जातिभेदासंबंधीचा आपला विचार लेखिकेने जितका उलगडून सांगितला आहे तितका ख्रिस्तावरील श्रद्धेचा उदय सांगितलेला नाही. जात का सोडली हे आम्हांस पुरते कळते. ख्रिस्तास का स्वीकारले हे मात्र अंदाजाने ओळखावे लागते. विठोबाच्या पंढरपुरात दिवस काढलेल्या स्त्रीचे मन नव्या उपास्याकडे वळताना कोणती वेदना झाली, हा प्रश्न हिंदू वाचक विचारणारच, आणि ग्रंथ त्याचे उत्तर थोडक्यात आटोपतो. दुसरी उणीव विनोदाची. तो लेखिकेचा अलंकार आहे तसा तिचा आडपडदाही आहे. जेथे अंतःकरण उघडे पडण्याचा संभव असतो तेथे ती हसून बाजूस होते. उत्तरार्धातील प्रसंगांची वीणही पूर्वार्धाइतकी घट्ट नाही. परंतु या उणिवांमुळे ग्रंथाच्या सत्यतेस बाध येत नाही. आपली श्रद्धा बाजारात मांडण्याचा मोह जिला झाला नाही तिच्या मौनावर विश्वास ठेवावासा वाटतो. शिवाय जे गद्यात सांगितले नाही त्यासाठी त्यांचे पद्य आहे. टिळकांनी आरंभून अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ बहुतांशी लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले, आणि तेही ओवीत, म्हणजे आपल्या आयाबायांच्या परिचयाच्या छंदात.

ग्रंथाच्या इंग्रजी अवतारांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांचे भाषांतर निघाले, त्याचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागोमाग जाते’. २०१७ साली शांता गोखले यांचे भाषांतर आले. त्यांनी मूळ नाव राखले आणि ‘एका तेजस्वी पत्नीच्या आठवणी’ अशा अर्थाचे उपशीर्षक जोडले. दोन्ही नावांत लेखिका कोणाची तरी कोणीतरी आहे. एकीकडे ती अनुयायी आहे, दुसरीकडे पत्नी. पहिल्या नावाचे शब्द जुन्या इंग्रजी बायबलात पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात येतात आणि तेथे ते ध्येयाच्या मागे धावण्याविषयी आहेत. तो अर्थ घेतला तर नाव शोभते. परंतु वाचकाच्या मनात पतीमागून निघालेली स्त्रीच प्रथम उभी राहते, आणि ते चित्र या ग्रंथास अन्यायकारक आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः दिलेल्या नावात ना पती आहे ना पंथ. आपण पाहिले, आपल्या आठवणीत राहिले, आणि ते आपण सांगतो, एवढाच त्या नावाचा दावा आहे.

आमच्या परिचयाच्या मंडळींत या ग्रंथाविषयी चर्चा निघाली असता एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले की, हे सर्व मान्य केले तर उद्या आपल्या घरची सून किंवा मुलगा असाच निघाला असता त्यास आशीर्वाद द्यावयाचा काय? प्रश्न खरा आहे, आणि त्यास टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. या ग्रंथाने कोणास ख्रिस्ती व्हावयास सांगितलेले नाही, आणि आम्हीही तसे सांगत नाही. परंतु ज्या घरात नाही म्हणण्यास जागा नाही तेथे हो म्हणण्यासही अर्थ नाही, एवढे तरी यातून आपण घेतलेच पाहिजे. गीतेत सारा उपदेश संपल्यावर भगवंताने अर्जुनास विचार करून आपल्या इच्छेप्रमाणे वागण्यास मोकळे सोडले. युद्धभूमीवर, ऐन घाईत, प्रत्यक्ष भगवंताने जी मोकळीक दिली ती आपण देवघरात व माजघरात नाकारावी, हे आपल्याच शास्त्रास धरून नाही. ज्यांचे देव एकदा हुकमाच्या भीतीने स्थलांतरित झाले त्यांनी आपल्या लेकरांवर हुकमाने देव लादू नये.

लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाचे मोल आम्ही यातच मानतो. देवाची आज्ञा मोठ्या आवाजात येते असे आपण समजतो. या बाईस ती पाण्याच्या पेल्याशी, परक्या पोराच्या आजारात आणि रिकाम्या पिठाच्या डब्यापाशी आली. तिने ती नीट ऐकून घेतली, पटली नाही तोवर पाळली नाही, आणि पटल्यावर उद्यावर टाकली नाही. धर्म कोणताही असो, असे आज्ञाधारक मनुष्य ज्या घरात असेल ते घर पावन आहे, असे म्हणण्यास आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाही.